ठाण्यात १३२१ साली पेटलेला वाद: येशू निव्वळ माणूस, की देवही?

तलावपाळीकर (धागाकर्ता)

नाताळ जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. येशू हा साधा उपदेशक होता, त्याला देव केलं ते ३२५ साली कॉन्स्टंटाइन या रोमन बादशहाने, नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत मतदान घेऊन. यंदाही आला. उत्तर टाइप करायला घेतलं तर ॲडमिन म्हणाले, पाणीकपातीचे मेसेज खाली जातात, इथे नको. म्हणून हा धागा. मी ख्रिस्ती आहे, मूळ नगरकडचा, दोन पिढ्या ठाण्यात. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

सुरुवात ठाण्यापासूनच करू. १३२१ चा एप्रिल. फ्रान्सिस्कन या कॅथलिक साधूंच्या संघाचे चौघे, तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस, होर्मुझहून जहाजाने कोल्लमला निघाले होते. वाऱ्याने जहाज ठाण्याला आणलं. तेव्हा इथे नेस्टोरियन (रोमपासून वेगळ्या, पूर्वेकडच्या पंथाच्या) ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, असं काही वर्षांनी आलेल्या ओदोरिक या साधूने लिहून ठेवलंय. त्यातल्याच एका घरी पाहुणे उतरले. घरात नवरा-बायकोचं वाजलं, नवऱ्याने हात उचलला, बायको काझीकडे गेली आणि साक्षीला या पाहुण्यांना बोलावणं आलं. मारहाण राहिली बाजूला, वाद लागला तो येशू निव्वळ माणूस की देवही, यावर. थॉमसने दोन्ही, असं सांगितलं आणि बाजू मांडली. मग पैगंबरांबद्दलचं मत विचारलं गेलं, त्यावर त्यांनी फार कडक उत्तर दिलं, आणि प्रकरण चौघांच्या मृत्यूपर्यंत गेलं. सोबतचा जोर्दानुस तेव्हा ठाण्याबाहेर होता, म्हणून वाचला. त्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे ओदोरिकने त्यांच्या अस्थी थेट चीनला नेल्या.

जुनी भांडणं उकरायला हे सांगत नाहीये. ओदोरिकचं वर्णन भाविकाचं आहे, त्यातले चमत्कार बाजूला ठेवूनच ते वाचावं लागतं. सांगायचं एवढंच की हा प्रश्न आपल्याकडे व्हॉट्सॲपने आणलेला नाही.

आता मूळ फॉरवर्डकडे. कॉन्स्टंटाइनच्या दोनशे वर्षं आधीचं एक पत्र आहे. लिहिणारा प्लिनी, रोमन अधिकारी, ख्रिस्ती नव्हे. साल सुमारे ११२. बिथिनिया आणि पोंतस प्रांताचा हा सुभेदार सम्राट ट्रेजनला विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. चौकशीत कळलेली माहिती तो देतो: हे लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. दोन दासींचा छळ करूनही त्याला याहून वेगळं काही मिळालं नाही. आणि नायसिया हे शहर याच बिथिनियात आहे! हाच प्लिनी दुसऱ्या एका पत्रात नायसियाच्या अर्धवट नाट्यगृहाबद्दल कुरकुरतो: पैसा पाण्यासारखा गेला, भिंतींना तडे गेले, काम काही पुरं होईना. (आपल्याकडच्या पालिकेच्या कामांची आठवण झाली तर तो योगायोग समजावा.) तर ज्या प्रांतात ३२५ मध्ये 'देव बनवला' असं म्हणतात, त्याच प्रांतात दोनशे वर्षांपूर्वी लोक त्याला देव म्हणून भजत होते, आणि त्यासाठी जीव देत होते.

अजून मागे जाऊ. येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या पौलाची पत्रं इ.स. ५० ते ६० च्या आसपासची. येशूला क्रुसावर दिलं ते ३० किंवा ३३ मध्ये. म्हणजे अंतर साधारण वीस-तीस वर्षांचं. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक उतारा आहे, जो पौलाच्याही आधीचं भजन असावा असं अनेक अभ्यासकांना वाटतं. जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केलं, दास झाला, क्रुसावरचं मरण सोसलं. म्हणून येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल, असा त्याचा आशय. आता यशया ४५ काढा. तिथे परमेश्वर स्वतः बजावतो की माझ्याशिवाय दुसरा देव नाही, प्रत्येक गुडघा माझ्यापुढेच टेकेल. यहुदी धर्मग्रंथातली एकेश्वराची सगळ्यात ठाम घोषणा घ्यायची आणि ती नुकत्याच फासावर गेलेल्या सुताराला लावायची, हे कुणा बादशहाच्या हुकमाने झालेलं नाही.

माझं म्हणणं इतकंच: ही श्रद्धा चुकीची वाटत असेल तर खुशाल म्हणा. पण ती उशिरा आली, वरून लादली गेली, हे म्हणू नका. पहिल्या पिढीपासून ती उपासनेत आहे.

---

घोडबंदरी काका

छान लिहिलंय. १३२१ चं माहीत नव्हतं. पण एक कळत नाही, भांडण कशाचं आहे? आमच्याकडे गुरु साक्षात परब्रह्म. ज्ञानेश्वरांना आम्ही माउली म्हणतो, विष्णूचा अवतार म्हणतो. तुम्ही येशूला देव म्हणालात तर आमची काहीच हरकत नाही. त्यात एवढं सिद्ध काय करायचं?

---

नास्तिकानंद

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण काकांनी समेट घडवायला घेतला म्हणून मध्ये पडतो.

धागाकर्ते, नायसियाचं मान्य, तो फॉरवर्ड बालिश आहे. पण खरा मुद्दा वेगळा. शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रं, काळाच्या क्रमाने लावा. मार्क सगळ्यात आधीचं, ७० च्या आसपास. त्यातला येशू थकतो, चिडतो, आणि 'मला उत्तम का म्हणतोस, देवाशिवाय कोणी उत्तम नाही' असं म्हणतो (१०:१८). शेवटच्या दिवसाची वेळ पुत्रालाही ठाऊक नाही, म्हणतो (१३:३२). योहान सगळ्यात उशिराचं, ९० च्या पुढचं, आणि तिथे पहिल्याच ओळीत तो देव. आलेख वर चढताना स्पष्ट दिसतो. दंतकथा अशाच वाढतात.

---

वाशीवाली

वाचतेय. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी नायसियाचा विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली) म्हणतो, पण वाद नेमका कुणाशी होता हे कुणी सांगितलंच नाही. तलावपाळीकर, त्यावर लिहा ना.

---

तलावपाळीकर

@काका, हरकत नाही म्हणालात हे तुमचं मोठेपण. पण गंमत तिथेच आहे. आपल्याकडे माणसात देव पाहणं इतकं सहज आहे की ते पहिले ख्रिस्ती लोक काय बोलून बसले ते आपल्या लक्षातच येत नाही. ते यहुदी होते, आणि त्यांच्याकडे ही गोष्ट अशक्य होती. इ.स. ४० च्या सुमारास कॅलिगुला सम्राटाने यरुशलेमच्या मंदिरात स्वतःचा पुतळा बसवायचा हुकूम काढला, तेव्हा यहुदी जमाव सुभेदारापुढे मान पुढे करून बसला: आधी आम्हाला मारा, मग पुतळा न्या. पेरणीचे दिवस होते, शेतं तशीच टाकून लोक आले होते. हे सगळं पौलाच्या हयातीतलं.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय १४ वाचा. लुस्त्र गावात पौल आणि बर्णबा एका पांगळ्याला बरं करतात. गावकरी म्हणतात, देव माणसाच्या रूपात उतरले! बर्णबाला त्यांचा देव झ्यूस करतात, पौलाला हर्मेस, बैल आणि हार येतात. हे दोघे कपडे फाडत गर्दीत घुसतात, अरे आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत. दहाव्या अध्यायात कर्नेल्य नावाचा माणूस पाया पडतो, तर येशूचा शिष्य पेत्र त्याला उठवतो, मीही माणूसच आहे म्हणून. स्वतःला देव म्हणवून घेणं ज्यांना सहन होत नव्हतं, तेच लोक येशूच्या नावाने प्रार्थना करतात, बाप्तिस्मा देतात, त्याचं भोजन मांडतात. योहानाच्या विसाव्या अध्यायात शिष्य थोमा येशूला 'माझा प्रभू व माझा देव' म्हणतो, आणि तिथे येशू त्याला उठ, मी माणूसच आहे, असं म्हणत नाही.

तुमच्या अवतारांच्या यादीत त्याला जागा मिळाली तर आम्हाला आनंदच, पण मग त्या पहिल्या लोकांनी जे म्हटलं ते राहत नाही. विश्व निर्माण करणारा जो एकच, तोच हा, असं ते म्हणत होते.

@नास्तिकानंद, आलेख चढतो खरा, पण तुम्ही पौलाला वगळून काढलाय. पौल मार्कच्या आधीचा. करिंथकरांस पहिल्या पत्रात (८:६) तो यहुद्यांची रोजची कबुली, आपला देव परमेश्वर एकच, ती घेतो आणि तिच्यात येशूला बसवतो: एकच देव पिता, आणि एकच प्रभू येशू, ज्याच्याद्वारे सर्व काही झालं. हे साधारण ५३ ते ५५ मधलं. म्हणजे तुमच्या आलेखात सगळ्यात वरचा बिंदूच सगळ्यात जुना.

आणि मार्कमधला येशू इतका साधा नाही. दुसऱ्या अध्यायात तो पक्षाघाती माणसाला सांगतो, तुझ्या पापांची क्षमा झाली. शास्त्री लगेच मनात म्हणतात, देवाशिवाय पापाची क्षमा कोण करणार? बरोबरच बोलले ते. तुमचा कुणी अपमान केला तर तुम्ही क्षमा करू शकता. तिऱ्हाइताने येऊन केली तर तुम्ही म्हणाल, तू कोण? चौदाव्यात प्रमुख याजक विचारतो, तू ख्रिस्त आहेस का. येशू होय म्हणतो, आणि वर दानिएलाच्या सातव्या अध्यायातलं दृश्य स्वतःला लावतो: मेघांसह येणारा, ज्याची सेवा सगळी राष्ट्रं करतील. याजक वस्त्रं फाडतो. नुसत्या उपदेशकावर कुणी कपडे फाडत नाही.

१०:१८ आणि १३:३२ मात्र खरंच अवघड ओव्या आहेत, त्या मी गुळगुळीत करणार नाही. पहिल्यात येशू 'मी उत्तम नाही' असं म्हणत नाही, विचारणाऱ्याला तो काय बोलून गेलाय ते दाखवतो, असं मी वाचतो. तुम्ही उलटं वाचाल. दुसऱ्याबद्दल मंडळीने शतकानुशतकं डोकं फोडलंय. ४५१ च्या खल्केदोन परिषदेने दोन स्वभाव म्हटलं, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. माणूस म्हणून न कळणं त्यात बसतं. एक मात्र पाहा: येशूला फुगवायला बसलेल्या लोकांनी ही ओळ ठेवली असती का?

@वाशीवाली, येतो त्यावर. आधी स्टेशनला जायचंय.

---

मुंब्र्याचा मुसाफिर

सलाम सगळ्यांना. मी कोकणी मुसलमान. १३२१ चं वाचून वाईट वाटलं, आणि धागाकर्त्यांनी ते ज्या सुरात लिहिलं त्याबद्दल आभार. आमच्याकडे ईसा अलैहिस्सलाम मोठे पैगंबर, मरियमच्या पोटी बापाविना जन्मलेले. त्यांच्याबद्दल वाईट बोललेलं आम्हालाही चालत नाही. पण एक साधा प्रश्न. ते प्रार्थना करत, हे तुमच्याच ग्रंथात आहे. रात्रभर करत. कुणाची? आणि योहानातच ते म्हणतात की पिता माझ्याहून थोर आहे. देव देवाची प्रार्थना करतो का?

---

सानपाडा फास्ट

प्रश्न आवडला. +१

---

प्रशासक

धागा चांगला चाललाय. दोन प्रतिसाद धर्मांतराच्या राजकारणावर होते, ते उडवले आहेत. त्यासाठी वेगळे धागे भरपूर आहेत.

---

तलावपाळीकर

@मुसाफिर भाई, वालेकुम सलाम. माझ्या मते यापेक्षा चांगला आक्षेप नाही. देव म्हणजे एकटा, एकच व्यक्ती, असं गृहीत धरलं तर तुमचं उत्तर पक्कं आहे: तो स्वतःची प्रार्थना करू शकत नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे. देव एकच, पण त्या एकात पिता आणि पुत्र यांचं नातं सृष्टीच्या आधीपासून आहे. पुत्र माणूस झाला, तेव्हा त्या नात्याला माणसाचा आवाज मिळाला, तीच ती प्रार्थना. 'पिता माझ्याहून थोर' हे वाक्य जो दास झाला त्याच्या तोंडचं आहे, आणि त्याच योहानात 'मी आणि पिता एक आहोत' हेही आहे. त्यावर लोक दगड उचलतात. आम्ही दोन्ही वाक्यं धरतो. यातलं एकच धरलं असतं तर आमचं काम सोपं झालं असतं! हे तुम्हाला पटेल अशी अपेक्षा नाही. पण तीन देव मानतो असा आरोप होतो तेव्हा एवढं उत्तर लक्षात असू द्या.

@वाशीवाली, नायसिया. वाद अरियस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या पाळकाशी होता. आणि अरियस येशूला साधा माणूस म्हणत नव्हता, हे फॉरवर्डवाल्यांना कधी कळणार! तो म्हणत होता की पुत्र सृष्टीच्या आधीचा, सगळ्यांहून श्रेष्ठ, पण निर्माण केलेला. एक वेळ अशी होती की तो नव्हता. म्हणजे 'माणूस की देव' हा प्रश्न तिथे टेबलावरच नव्हता. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा की घडवलेला, यावर तीनशेच्या आसपास बिशप बसले. शेवटी सही न करणारे दोघेच उरले, दोघेही लिबियाकडचे.

बादशहाचं म्हणाल तर पुढचं ऐका. काही वर्षांतच कॉन्स्टंटाइन अरियसच्या बाजूच्या लोकांकडे झुकला. ३३७ मध्ये मरणाआधी त्याने बाप्तिस्मा घेतला तो निकोमिडियाच्या युसेबियसकडून, जो अरियसचा पाठीराखा. मुलगा कॉन्स्टँशियस तर उघडच त्या बाजूचा. नायसियाची बाजू लावून धरणारा अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला. राजाच्या मर्जीने धर्म ठरला असता तर आज तुम्ही रविवारी अरियसचा विश्वासांगीकार म्हणत असता. ३८१ च्या परिषदेपर्यंत हे ओढाताणीचंच होतं.

अवांतर: १३२१ मध्ये त्या चौघांना घरात घेणारे ठाण्याचे नेस्टोरियन आणि हे रोमचे फ्रान्सिस्कन, यांचीही येशूतलं देवपण आणि माणूसपण कसं जोडलेलं यावर ४३१ पासून फाटलेली. पण नायसिया दोघांनाही मान्य. आणि पाहुण्याला घर दोघांच्याही लेखी उघडं.

---

चेंदणीचा

दगडावरचं काही आहे का? कागद काय, नंतर नकलून काढलेले असतात.

---

तलावपाळीकर

आहे. इस्राएलमध्ये मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात २००५ मध्ये एक फरशी सापडली, २३० च्या आसपासची, बारीक रंगीत खड्यांची. त्यात ग्रीकमध्ये लिहिलंय की अकेप्तूस नावाच्या बाईने हे मेज 'देव येशू ख्रिस्त' याच्या स्मरणार्थ अर्पण केलं. नायसियाच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी. त्याच फरशीत एका रोमन शतपतीचंही नाव आहे.

दुसरं रोममधलं, पॅलेटाइन टेकडीवरच्या भिंतीवर खरवडलेलं चित्र, २०० च्या आसपासचं. क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, समोर हात वर केलेला एक जण, आणि खाली लिहिलंय: अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो. कुणीतरी सहकाऱ्याची टर उडवलेली. मला हा पुरावा सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो चेष्टा करणाऱ्याने दिलाय. अलेक्सामेनोस कोण, कुणाला ठाऊक नाही. पण क्रुसावर गेलेला माणूस त्याचा देव होता हे त्याला चिडवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

---

नास्तिकानंद

ठीक. कॉन्स्टंटाइन सोडला. पण 'यहुदी लोक असं करूच शकत नव्हते' हा तुमचा खांब पोकळ आहे. सब्बताई झ्वी घ्या. सतराव्या शतकातला यहुदी, स्वतःला मसीहा म्हणवून घेणारा. १६६६ मध्ये सुलतानापुढे त्याने मुसलमान होणं पत्करलं. सगळा डोलारा कोसळायला हवा होता. पण काही अनुयायी त्यालाही गूढ अर्थ लावून भक्त राहिले. माणसं हरलेल्या नेत्याला मोठं करतात, आणि यहुदीही माणसंच.

आणि येशूने स्वतःला देव म्हटलं, म्हणजे तो 'वेडा, लबाड किंवा देव', तो युक्तिवाद आणू नका प्लीज.

---

तलावपाळीकर

तो मी आणतच नाही, मलाही तो पटत नाही. येशू ते बोलला हे आधी गृहीत धरूनच तो सुरू होतो, आणि 'नंतरच्यांनी त्याच्या तोंडी घातलं' हा चौथा पर्याय मोजतच नाही. म्हणून तर मी पत्रं, भजनं आणि भिंतीवरचं चित्र घेऊन बसलो.

झ्वीचा मुद्दा जड आहे. 'अशक्य' या शब्दाला तो धक्का देतो हे खरं. पण त्या प्रकरणात यहुदी समाज दुभंगला, रब्बींनी बहिष्कार टाकले, भांडणांचे कागदच्या कागद आहेत. आता पौलाकडे या. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल आणि यरुशलेमवाले (तिथले पहिले ख्रिस्ती) यांच्यात कडाक्याचं भांडण आहे. सुंता करायची की नाही, परजातीयांच्या (यहुदी नसलेल्यांच्या) पंगतीला बसायचं की नाही. पेत्राला तो तोंडावर सुनावतो. यरुशलेमच्या 'खांबां'पैकी, म्हणजे पुढाऱ्यांपैकी, एक याकोब, येशूचा भाऊ. इतक्या भांडकुदळ मंडळींत येशूला प्रभू म्हणून भजायचं की नाही, यावर मात्र भांडणाचा मागमूस नाही! पौल काही नवीन आणत असता तर जेवणावरून भांडणारे लोक यावर गप्प बसले असते? भाऊ गप्प बसला असता? (आपल्या भावाला देव म्हणणारा भाऊ मी तरी पाहिलेला नाही.) म्हणजे ही उपासना पौलाने यरुशलेमला शिकवली नाही. ती तिथे आधीपासून होती.

---

घोडबंदरी काका

भावाचा मुद्दा जबरदस्त. माझे भाऊ मला साधं शहाणाही म्हणत नाहीत.

---

मुंब्र्याचा मुसाफिर

भाई, उत्तर नीट दिलंत. मी तुमच्याशी सहमत नाही, पण 'नातं सृष्टीच्या आधीपासून' हे असं कुणी समजावलं नव्हतं. याकोबबद्दल मात्र मला शंका आहे. त्याने स्वतः काय म्हटलं हे आपल्याला पौलाच्या तोंडूनच कळतं ना?

---

तलावपाळीकर

बरंचसं, हो. याकोबाच्या नावाचं एक पत्र नव्या करारात आहे, त्यात येशूला गौरवी प्रभू म्हटलंय, पण ते त्याने स्वतः लिहिलं का यावर अभ्यासकांत एकमत नाही, म्हणून मी ते पुढे केलं नाही. मात्र पौल गलतीकरांना लिहितोय ते भांडणाच्या भरात, आणि त्याचे विरोधक याकोबाचं नाव घेणारे. ते विरोधक 'याकोब पौलाच्या ख्रिस्ताला मानत नाही' असं म्हणू शकत असते, तर पौलाला त्याचं उत्तर द्यावंच लागलं असतं. तो फक्त सुंतेचं उत्तर देतो.

---

नास्तिकानंद

मान्य करू की पहिल्याच पिढीत त्यांना तो देव वाटला. वाटला म्हणून होता का? पौलाला दमास्कसच्या वाटेवर काहीतरी दिसलं, इतरांना काहीतरी दिसलं. शोकात माणसांना दिसतं.

---

तलावपाळीकर

नाही, 'वाटला म्हणून होता' असं मी म्हणत नाही. इतिहास मला त्यांना काय वाटलं तिथवर आणून सोडतो. पुढचं सगळं क्रुसानंतर तिसऱ्या दिवशी काय झालं यावर आहे, आणि येशू उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ, हे पौल स्वतःच लिहून बसलाय (१ करिंथ १५:१४), त्यामुळे पळायला मलाही जागा नाही. एकच म्हणतो: शोकाने पेत्राला दिसेल. पौल शोकात नव्हता, तो या लोकांना पकडायला निघाला होता.

---

नास्तिकानंद

अपराधगंड. पण ते इथे नको, पुनरुत्थानावर वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर धुतो.

---

तलावपाळीकर

काढतो. लेकीची प्रिलिम संपू दे.